माय कावळ्याला काय म्हणाली

अकोला, ४ ऑगस्ट २०२५

मोठी आई,

तुला आणि मोठ्या बाबांना दंडवत. फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. तुमच्या घरी फोन उचलतात मोठे बाबा, आणि ऐकू कमी येतं म्हणून लावतात स्पीकरवर. मागच्या खेपेला मी तुला वजन कमी करायचा उपाय विचारला, तर तो शेजारच्या पार्बताबाईंनीच ओरडून सांगितला. म्हणून हे पत्र घरी न पाठवता थेट तुझ्या फुलांच्या दुकानावर पाठवते आहे.

बातमी अशी की मला माझं पहिलं पुस्तक मिळालं! इथल्या पोरांचा एक रॉक बँड आहे, 'तिसरं फाटक' नावाचा. ड्रम बडवतात, गिटार किंचाळते, आणि गाणं मात्र आपल्या वऱ्हाडीत. त्यांचं 'कावळा जेवला नाही' हे गाणं दोन वर्षं झाली, कॉलेजच्या पोरापोरींच्या तोंडी आहे. पुण्याच्या एका प्रकाशनाला त्याचं लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचंय. बत्तीस पानं, आणि चित्रं माझी. गाणं लिहिणारा आणि गाणारा विपुल म्हणाला, चित्रं रूपालीच काढेल, नाहीतर पुस्तक नको. आजवर मी शाळांच्या भिंती रंगवल्या आणि लग्नपत्रिका केल्या. त्यानं माझं नाव का धरून ठेवलं, देव जाणे.

गोष्ट मजेची आहे. एक मुलगी नदीपलीकडे निघून जाते. घरचे म्हणतात, मेली. तिच्या नावानं घाटावर पिंड मांडतात. पण कावळ्यानं तिला पलीकडे धडधाकट पाहिलेलं असतं, म्हणून तो पिंडाला शिवत नाही. दही दाखवा, लाडू दाखवा, मोठमोठी माणसं हात जोडतात, आणि हा आपला पलीकडच्या झाडावर मान फिरवून बसलेला. पोरं हसून लोळतील.

पण मी दहावा कधी पाहिलेला नाही. काय काय मांडतात, कोण कुठे बसतं, मला माहीत नाही. तुझ्या दिराला, म्हणजे बाबांना, विचारलं तर 'असली चित्रं काढाची काई गरज हाये का?' म्हणून पेपरात तोंड घातलं. तुझी लेक, आमची भावनाताई, तापानं गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तुझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते आहे हे कळतं ग, पण तुझ्याइतकं खरं मला कोण सांगणार? जमलं तर लिही.

काल विपुलच्या घरी जेवले. त्याची आई शिवणकाम करते, फार कमी बोलते. पण मी नको नको म्हणताना ताटात तिसरी पोळी वाढली आणि मी ती संपवेपर्यंत समोर बसून राहिली. वजनाचं आता विसर.

तुझी
रूपाली

---

अमरावती, १२ ऑगस्ट २०२५

चि. रूपाली, आशीर्वाद.

पत्र मिळाले. दुकानावर पत्र आले म्हणून शेजारच्या हारवाल्याने दहा प्रश्न विचारले. सातवी पास बाईला कोणी पत्र पाठवू नये की काय? तिसरी पोळी खाल्लीस ते बरे केलेस. हाडांवर हळद लागत नाही.

विचारलेस म्हणून सांगते. पिंड भाताचे असतात. वर काळे तीळ, जवळ दही, गेलेल्या माणसाच्या आवडीचा एखादा पदार्थ. आपल्याकडे बायका घाटाच्या वरच्या अंगाला बसतात, पुरुष पाण्याजवळ. कावळा आला नाही की घरचे एकेक पुढे होऊन सांगतात, तुझे अमुक करू, तमुक करू, आता मन गुंतवू नकोस. तरीही नाही आला तर दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला लावतात. मग सगळे आंघोळ करून घरी येतात.

एवढे पुरे. माझे ऐकशील तर दुसरे पुस्तक बघ. चिमणीचे काढ, सशाचे काढ. मुलांना दहाव्याचे काय हसू यायचे आहे? यावर आणखी काही विचारू नकोस. तुझ्या बापालाही विचारू नकोस.

झेंडू यंदा चांगला धरला आहे. दसऱ्याला ये.

मोठी आई

---

अकोला, २० ऑगस्ट २०२५

मोठी आई,

रागावलीस ना? तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कागदाला हात लावला नाही. मग विपुल आला आणि म्हणाला, 'काहून थांबली? काढ ना बाप्पा.' म्हणून काढली. सोबत पाच पानांच्या झेरॉक्स पाठवते आहे. तुला आवडलं नाही तर फाडून टाक, पण एकदा पाहा.

विपुल कामाला फार काटेकोर आहे. बाकी कुठे काही बोलत नाही, पण या पाच पानांत त्यानं मला बोटभर सूट दिली नाही. पान नऊ बघ. मुलीचा बाप उन्हासाठी छत्री धरून उभा आहे, दुसऱ्या हातात दर्भाचा कावळा. काळ्या छत्रीला पिवळ्या फुलाफुलांच्या फ्रॉकच्या कापडाचं ठिगळ, तेही चौकोनी नाही, पानाच्या आकाराचं. मी म्हटलं, असं ठिगळ कोण लावतं? तो म्हणाला, 'लावलं व्हतं. तू काढ.'

पान अकरावर मुलगी नदीपलीकडे बाभळीआड उभी आहे. तिनं खायला आणलेल्या पोळ्या तिच्या घशाखाली उतरत नाहीत, म्हणून ती त्या तुकडे करून फेकते, आणि सगळे कावळे तिच्याकडे. म्हणून तर अलीकडे एकही येत नाही! ही युक्ती मला फार आवडली.

आणि पान तेरा. गाण्यातलं सगळ्यात जोरात म्हणायचं कडवं तेच. माय पुढे येते, हात जोडते आणि कावळ्याची विनवणी करते, 'खाय रे बाप्पा, खाय. सुटू दे आमाले.' तिथे ड्रम असे वाजतात की पुढचे लोक कान झाकतात. मायला रडताना दाखवू नको, असं त्यानं बजावलं होतं. 'ते रडली नाही,' म्हणाला. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पुस्तक छापायला जाणार. खरं काय ते सांग, जमलंय का?

रूपाली

---

अमरावती, २६ ऑगस्ट २०२५

रूपाली,

हा मुलगा कोण आहे? कुठला? त्याच्या आईचे नाव काय? परतीच्या टपालाने कळव.

पाकीट मी दुकानात उघडले. पान नऊ पाहिले आणि हातातली शेवंतीची टोपली खाली गेली. गिऱ्हाईक समोर उभे, आणि मला फुले उचलायचे सुचेना. हारवाला पाणी घेऊन धावला. त्याला वाटले, ऊन लागले. भर पावसाळ्यात कुठले ऊन?

ती छत्री आमच्या दारामागे खुंटीला टांगलेली आहे. ते ठिगळ भावनाने लावले होते, स्वतःच्या जुन्या फ्रॉकचे. नववीत होती. चौकोनी लावतील तर सगळेच, म्हणाली, मी पान लावते. ते कापड फ्रॉकचे हे तिच्या बापाला माहीत, मला माहीत आणि तिला माहीत. चौथ्या माणसाला माहीत असायचे कारण नाही.

आता ऐक, आणि बसून वाच. भावना तापाने गेली नाही. ती गेलीच नाही. बडनेऱ्याच्या धर्मपालशी तिने लग्न केले. तो लग्नाच्या वरातीत बँडमध्ये बँजो वाजवायचा. जात आपली नव्हती. तुझे मोठे बाबा तीन दिवस बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी गावात सांगून आले की पोरगी मोर्शीला मामाकडे तापाने गेली, तिकडेच सगळे आटोपले. माणूस एकदा असे सांगून बसला की पुढचे सगळे करावेच लागते. सुतक धरले. दहाव्याला पेढी नदीच्या घाटावर शंभर माणूस आले. जिवंत पोरीचे पिंड मी माझ्या हाताने वळले, रूपाली. तेरवीला बुंदी केली. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मी मान खाली घालून बसले होते.

कावळा खरोखरच आला नाही. शेवटी ह्यांनी दर्भाचा लावला.

आणि पान तेरा चूक आहे. साफ चूक! मी 'खा' म्हणाले नाही. मी कावळ्याला खायला सांगितले असे कोणाला वाटत असेल, तर मला जगून काय करायचे आहे? ते पान छापू नकोस. तुझ्या पाया पडते, पोरी, छापू नकोस.

मोठी आई

---

अकोला, ६ सप्टेंबर २०२५

मोठी आई,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी मला आलं आहे. मी लहानपणापासून जिच्या फोटोला हार पाहिला, जिच्या नावानं आई मला ताप आला की घाबरायची, ती जिवंत? आणि हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक?

बाबांपुढे पत्र ठेवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, 'मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर कसा जाऊ मी? मले त घाटावर दोराच धरून उभं केलं व्हतं.' मी विचारलं, कसला दोर? तर म्हणाले, 'पोरगी कुठं दिसली त बांधून आणाची व्हती.' मोठी आई, माझे बाबा मुंगी चिरडत नाहीत ग. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी नीट बोललेली नाही.

मग विपुलकडे गेले. दार त्याच्या आईनं उघडलं. मी तिला नुसती पाहत राहिले. तुझं नाक आहे तिला. इतक्यांदा तिच्या हातचं खाल्लं आणि माझ्या लक्षात आलं नाही, मी कसली चित्रकार! ती म्हणाली, 'समजलं वाटते तुले.' आणि आत जाऊन मशीनवर बसली.

माझी शाळेच्या भिंतीवरची चित्रं तिनंच पाहिली होती. खाली माझं नाव आणि आडनाव वाचलं, शाळेत जाऊन बाबांचं नाव विचारलं, आणि विपुलला सांगितलं, चित्रं हीच काढेल. धर्मपालभाऊजी रेल्वेत चिकटले, सहा वर्षांपूर्वी वारले. तेव्हा रडताना तिनं विपुलला घाटाची गोष्ट सांगितली. त्या दिवशी मैत्रिणीकडून कळलं होतं म्हणून ती एकटी बडनेऱ्याहून आली होती. नदी उतरून समोर यायचं, मी जित्ती आहे म्हणायचं, असं ठरवून. बाभळीआड उभी राहिली, पाय उचलेना. मग तू पुढे आलीस आणि हात जोडलेस. तिला दुरून ऐकू काहीच आलं नाही. तिला वाटलं, आपली मायसुद्धा कावळ्याला बोलावते आहे. ती तिथून वळली, ती आजपर्यंत.

मी म्हटलं, मोठी आई 'खा' म्हणाली नव्हती. मशीन थांबलं. ती म्हणाली, 'मंग काय म्हनली? तेवढं तिच्या हातानं लिहून आन. खोटं असन त नको आनू.'

विपुल म्हणतो, पत्र येईपर्यंत पान तेरा जसं आहे तसं राहील. त्याच्या आईनं तेवीस वर्षं जे खरं मानलं ते तो खोडणार नाही. तीस तारखेपर्यंत मला पानं पुण्याला पाठवायची आहेत. त्याआधी लिही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी लिही.

रूपाली

---

अमरावती, १४ सप्टेंबर २०२५

रूपाली,

हे पत्र तिला दे. तू वाचलेस तरी चालेल.

भावना,

तुझे नाव लिहायला घेतले आणि पेन थांबले. या घरात ते मोठ्याने घ्यायचे नसते. पितृपक्ष चालू आहे, बाहेर कावळ्यांना हाका मारताहेत, आणि मी दुकानात फुलांच्या पोत्याआड बसून लिहिते आहे.

अकोल्याला, माझ्या दिराच्या गावात, दोन तासांच्या वाटेवर तू राहत होतीस, हे वाचून मी अजून सावरले नाही. तिकडचा माल घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याला मी रोज चहा पाजते. धर्मपाल गेल्याचेही आत्ता कळले. त्याला मी एकदा वरातीत पाहिले होते, खाली मान घालून वाजवत होता. तुझ्या कपाळाचे दुःख मला सहा वर्षांनी कळावे, ही कसली आई?

तू खरे लिही म्हणालीस, ते लिहिते. मी तुला पाहिले होते.

घाटावर एक कावळा नाही, सगळे पलीकडे का गोळा झाले म्हणून मी मान वर केली. बाभळीआड तुझी ओढणी दिसली. लिंबाच्या रंगाची, मीच दिवाळीला घेतलेली. हातातले ताट मी खाली ठेवले. तू एक पाऊल पुढे टाकलेस. खाली तुझा काका दोर घेऊन उभा, तुझा बाप छत्री धरून उभा, आणि दोघांचीही तुझ्याकडे पाठ होती. आणखी दोन पावले टाकली असतीस तर त्यांनी वळून पाहिले असते. तुला हाक मारावी तर तेच. म्हणून मी पुढे झाले, त्यांच्यापुढून तुझ्याकडे तोंड केले आणि हात जोडले. लोकांना वाटले, कावळ्याला विनवते आहे. ओठातल्या ओठात एकच म्हणाले, 'येऊ नको.'

कावळ्यालाही तेच म्हणायचे होते. तो येऊन शिवला असता तर तू खरीच मेलीस असे झाले असते. पण हात तुला जोडले होते. रडले नाही, कारण रडले असते तर ह्यांनी वळून पाहिले असते की मी कुठे बघते आहे.

तू गेलीस तेव्हा मला वाटले, पोरीला समजले. तेवीस वर्षे याच एका समाधानावर काढली, की माझ्या पोरीला माझे हात समजले. आणि तू 'खा' समजलीस! पान तेरा पाहिले त्या दिवशी मला कळले की मी तुला वाचवले नाही, मी तुला मारले, आणि तेही ह्यांच्या दर्भाआधी.

पुढे तुला शोधायची हिंमत मला झाली नाही. तेही खरे लिहिते. भ्याले, मग सवय झाली.

एक गोष्ट आणखी. रूपालीची चित्रे मी शेवंतीच्या टोपलीत ठेवली होती, ती ह्यांच्या हाती लागली. पान नऊ हातात धरून बसले. मी दारात उभी, म्हटले आता घर डोक्यावर घेतील. तर म्हणाले, 'दर्भाची गाठ उलटी काढली पोरीनं. अशी नसते.' एवढेच. मग उठून छत्री काढली, खाटेवर बसून ठिगळावरून बोट फिरवत राहिले. तेवीस वर्षांत उन्हापावसात त्यांनी दुसरी छत्री घेतली नाही, हे माझ्या ध्यानात त्या दिवशी आले. माफ कर असे मी त्यांच्यासाठी म्हणणार नाही. ते त्यांचे त्यांनी म्हणावे.

तुझी आई
वच्छला

---

अकोला, १९ सप्टेंबर २०२५

मोठी आई,

पत्र ताईला दिलं. तिनं ते मशीनजवळ उभ्यानंच वाचलं. मग विपुलकडे वळली आणि लहान पोरीसारखी विचारायला लागली, 'मी तिले दिसली व्हती? मी दिसली व्हती का रे तिले?'  त्यानं पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग ती खाली बसली आणि रडली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

पान तेरा मी नव्यानं काढलं. आता माय कावळ्याकडे बघत नाही, नदीपलीकडच्या बाभळीकडे बघते. विपुलनं कडवं बदललं. पुण्याच्या प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला की 'येऊ नको' हे मुलांना नीट समजेल का. विपुल म्हणाला, 'पोराईले समजते मॅडम, मोठ्याईलेच टाइम लागते.' त्या बरं म्हणाल्या. दर्भाची गाठही सुलटी केली आहे, मोठ्या बाबांना सांग.

शेवटचं पान अजून रिकामं आहे. तिथे काय काढायचं ते मी ताईला विचारलं.  निघताना तिनं एक घडी घातलेली चिठ्ठी दिली, तुझ्यासाठी. सोबत आहे. मी उघडलेली नाही.

रूपाली

(चिठ्ठी)

आई,
आताही येऊ नकोच का?
भावना

---

अमरावती, २४ सप्टेंबर २०२५

भावना,

नको. मीच येते.

दसऱ्याआधीचा बाजार कुठली माळीण सोडत नाही. मी सोडते आहे. झेंडू हारवाल्याच्या हवाली केला. सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरते. ह्यांना विचारले नाही, नुसते सांगितले. ते उठले, दारामागून छत्री काढली आणि माझ्या पिशवीवर आडवी ठेवली. पाऊस नाही, ऊन नाही. 

पोळ्या जास्तीच्या कर. विपुलला म्हणावे, आजीला ते ड्रमचे जरा हळू वाजवून दाखव. रूपालीलाही बोलावून घे. शेवटचे पान तिने तिथे बसूनच काढावे.

ठिगळ एका बाजूने उसवले आहे. सुईदोरा काढून ठेव.

आई